चांद्याला सांगितलेलं

“चांद्या, पोचल्या पोचल्या मायले फोन करजो. आन् परक्यानं काई देलं तं खाऊ नको.”

बा ओरडत होता आमच्या बैलावर, आणि हैदराबादच्या बसमध्ये चढत होते मी. अख्खी बस वाकून बैलाकडे बघत होती. कंडक्टरने तर त्याच्यासाठी खिडकीची जागा धरली, असं मी आजही शपथेवर सांगते.

माझ्या गावच्या तलमडुगुवाल्यांनो, तुम्हाला याचं नवल नाही. बानं उभ्या जन्मात मला तोंडावर काही सांगितलं नाही, सगळं चांद्याला. ऐकून ऐकून त्या बैलाचे कान गुडघ्यापर्यंत लोंबले होते. तेराव्या वर्षी कपड्यांना रक्त लागलं, तेव्हा आता आपण मरणार म्हणून मी गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांआड लपले. बा आला, चांद्याला वैरण टाकत म्हणाला, “भ्याचं काई काम नाई. साऱ्या पोरीईले येते. मायले सांगाव, ते कपडा देते.” बैल रवंथ करत राहिला. मी मरायचं पुढं ढकललं.

आता मी हैदराबादेत टीचरम्मा आहे. आठवीच्या पोरापोरींना वयात येताना शरीराचं काय होतं, मनाचं काय होतं आणि ते घरी कसं बोलायचं, हे शिकवते. ही बातमी गावात आली, बोथच्या बाजारात पोचेस्तोवर तिला शिंगं फुटली आणि पुढं निर्मल शहरात तिला पिल्लं झाली: पोरगी दार लावून घाण शिकवते.

मग आईचा फोन. “तुहा बा निंगाला. रिकामं पोतं घेऊन. चांद्याले सांगत व्हता, पोरीले घेऊनच येतो.”

नोकरी जाणार, खोली जाणार, मी परत कपाशीच्या ओळीत. पोतं माझ्या सामानासाठीच, यात मला शंका नव्हती.

गिरदावर पिकाची पाहणी करतो तसा बा वर्गात शिरला. दार उघडंच होतं, तरी त्यानं कडी तपासली. भिंतीवरचा तक्ता उचलून मागं काय दडवलंय ते पाहिलं. शेवटी मागच्या बाकावर बसला, पोतं मांडीवर. मी त्याच्यावर नजर ठेवून, तो माझ्यावर.

मी नेहमीसारखी रिकामी खुर्ची पुढं ठेवली. घरी जे बोलायला जमत नाही ते आधी या खुर्चीला सांगायचं. एक मुलगी उठली, खुर्चीला बाप समजून तेलुगूत म्हणाली, “नान्ना, पाळीत माझं पोट दुखतं. तेव्हा माझ्यावर ओरडू नका.”

बाला तेलुगू येते. त्यानं खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पोत्याची चौपदरी घडी घातली.

संध्याकाळी बसस्टँडवर कंडक्टरनं विचारलं, “एंत मंदी?” किती जण.

“आदिलाबाद. एक,” बा म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला, पण संशय काही जाईना. आमचा बा इतक्या सहज हरणारा नाही. वर्गात मी छातीठोक सांगते, तोंडावर बोलता येतं ते घर. त्या हिशेबानं मी जन्मापासून बेघर. खिडकीशी जाऊन विचारून टाकलं, “बा, त्या दिवशी गोठ्यात मले काऊन नाई सांगितलं? बैलाले काऊन?”

बानं पोतं सीटवर अंथरलं, त्यावर बसला.

“कडब्याखालून तुहे पाय दिसत व्हते.”