स्वातीतला स

इंग्लंडात, मिल्टन कीन्सला येऊन स्वातीला नऊ वर्षं झाली. नागपूरची एम.कॉम., नवरा रवी आयटीत, दोन मुली. इथे तिला कुणी 'स्वॅटी' म्हणतं, कुणी 'सवाटी'. जीपीच्या, म्हणजे डॉक्टरच्या, रिसेप्शनवर तर कुणी नावापाशी अडखळलं, की ते आपलंच समजून ती उठते.

गेल्या हिवाळ्यात तिने कम्युनिटी सेंटरमध्ये मातीकामाचा क्लास लावला. सोबतीला मी. माझी भांडी चाकावरच बसायची. तिचं एक मडकं मात्र उभं राहिलं, बुटकं, जाड बुडाचं, निळ्या झिलईचं. ते प्रदर्शनात मांडायचं ठरलं.

"इथे आल्यापासून माझ्या एकटीच्या नावाचं हे एवढंच आहे गं," ती म्हणाली.

आणि नावाच्या कार्डावर छापून आलं 'स्वॅथी'. बदलून मागितलं, तर 'सॅव्टी'.

शिकवणाऱ्या हिल्काबाई फिनलंडच्या, सत्तरीच्या. त्यांनी समजूत काढली. "आमच्याकडे मडक्याला रूक्कू म्हणतात. मूळ स्वीडिश शब्द क्रूका. आमच्या जुन्या लोकांना शब्दाच्या सुरुवातीला दोन व्यंजनं झेपायची नाहीत. क गाळला, झालं. शब्द मजेत जगला."

"त्याला कुणी विचारलं होतं, मजेत आहेस का म्हणून?"

हिल्काबाई हसल्या. "माझी आजी तुला 'वाती'च म्हणाली असती."

"आमच्यात वाती निरांजनात जाळतात."

"आमच्यात 'वाती' म्हणजे 'तिने मागणी केली'."

"मग करतेच," स्वाती म्हणाली आणि प्रदर्शनवाल्या गृहस्थांच्या टेबलापाशी गेली. एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, "एस, डब्ल्यू, ए, टी, आय."

ते मनापासून गोड हसले. "लव्हली पॉट. लोक भांडं बघायला येतात हो, नाव कोण वाचतं? आता प्रिंटिंग बंद झालंय."

स्वातीने शेजारचं कार्ड पाहिलं. 'क्रिस्टोफर'. इंग्रजीत अकरा अक्षरं, एकही चूक नाही. मडकं उचललं, कार्ड तिथेच ठेवलं आणि बाहेर पडली. मला वाटलं, हिल्काबाई तरी अडवतील. त्या नुसत्या बघत राहिल्या.

मी गाडी काढली. तिसऱ्या राउंडअबाउटला रवीचा फोन आला, तिने स्पीकरवर घेतला.

"झालं का कार्ड नीट?"

"मडकं परत आणतेय."

"अगं, पाच अक्षरांसाठी?"

"तेच तर," ती म्हणाली, "पाचच होती," आणि फोन ठेवून दिला.