कुवेतहून चालणारा ट्रक

रोशन गेटच्या मागच्या गल्लीत नजमुन्निसा टीचरचं घर कुणालाही विचारा, दाखवून देतील. उर्दू शाळेत त्यांनी उभा जन्म मराठी शिकवली. अर्धा मोहल्ला काना-मात्रा त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यांचे मालक, शफीकमियाँ, टीचर निवृत्त व्हायच्या आधीच वारले. मुलगी गजाला लग्न होऊन सिल्लोडला. उरले दोघं, टीचर आणि धाकटा फरहान.

फरहानला एकच शौक होता, टीव्हीला जोडलेला तो खेळाचा काळा डबा. वाळूजहून ड्युटी करून आला की हात-तोंड धुवायच्या आत रिमोट हातात. खेळ तरी कसला, तर परदेशातल्या बर्फाच्या रस्त्यांवरून ट्रक चालवायचा. टीचर वैतागायच्या. "अरे, दिवसभर कंपनीत राबतोस आणि घरी येऊन पुन्हा ड्रायव्हरकी करतोस?" तो नुसता हसायचा.

खुलताबादच्या अदीबाशी त्याचं लग्न ठरलं आणि मागोमाग कुवेतची नोकरी आली. एका मोठ्या दुकान-संकुलातले एसी सांभाळायचे होते. निघायच्या आदल्या दिवशी तो बराच वेळ त्या डब्यासमोर मांडी घालून बसला होता. मोबाईल हातात धरून काहीतरी जोडत होता.

"अम्मी, ये बंद नक्को करना. डब्यावरची केशरी बत्ती जळती राहू दे. मी तिकडून मोबाईलवर हाच खेळ खेळणार."

"डबा इथं आणि तू तिथं?"

"हौ. इंटरनेटवरून जोडला ना. डबा इथं चालंल, मी तिथून चालवीन."

टीचरना पटलं नाही, पण बत्ती मात्र त्यांनी जपली.

तो गेल्यावर पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळची मगरिबची नमाज पढून त्या जानमाजची चटई गुंडाळत होत्या, तेवढ्यात मागं टूं असा आवाज झाला. टीव्ही आपोआप उजळला. निळा ट्रक रस्त्याला लागला आणि रिमोटला कुणाचा हात नसताना वळणं घेऊ लागला. टीचरच्या अंगावर काटा आला. त्यांनी फोन लावला तर फरहान खदखदून हसतोय.

"मैंच हूं अम्मी! टीव्हीपुढं बसा. बघा, सलाम करतो."

पडद्यावरच्या ट्रकने दोनदा हॉर्न दिला. रिकाम्या दिवाणखान्यात टीचर मोठ्याने म्हणाल्या, "वालेकुम सलाम."

मग तो नेमच झाला. मगरिब झाली की चहाचा कप घेऊन त्या टीव्हीपुढं बसायच्या. फोनवर फरहानचं बोलणं तुटक असायचं, "हौ अम्मी, जेवलो, ठीक आहे", बस. पण ट्रक खोटं बोलत नसे. मन खुशीत असलं की तो दरीच्या कडेकडेने रमतगमत जायचा, पुलावर थांबून नदी बघायचा. साहेबाशी खटका उडाला असला की कठड्यांना घासत सुटायचा. टीचर दुसऱ्या दिवशी विचारायच्या, "काल काय झालं रे?" तो चकित व्हायचा. त्या कधी सांगायच्या नाहीत की मला कसं कळतं. ऊन उतरलं की पोरगा घरी येतो, असं त्यांना वाटू लागलं होतं.

उन्हाळा सरता सरता एक दिवस डबा भर सकाळी वाजला. टीचर भाजी निवडत होत्या. त्यांनी बघितलं, ट्रक रस्त्याच्या कडेला उभा. इंजिन चालू, काचेवरचे वायपर हलतायत, ट्रक हलत नाही. भाजी झाली, डाळ शिजली, तरी तो तिथंच. सुट्टी असेल, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळीच. तिसऱ्या दिवशीही. त्या संध्याकाळी फोनवर त्यांनी सहज म्हणून विचारलं,

"ड्युटी कशी चाललीय?"

"मस्त. आत्ताच तर सुटलो."

टीचरनी फोन ठेवला. त्याच दिवशी सकाळपासून तो ट्रक त्यांच्या डोळ्यांपुढं उभा होता.

त्यांनी गजालाला सांगितलं. गजालाचा दीर कुवेतलाच होता, त्याने चौकशी केली. कंपनीचं कंत्राट संपलं होतं. सोबतची माणसं परत आली होती. फरहान मात्र राहिला होता. कुणाच्या तरी खोलीत पथारी टाकून, मिळेल ते काम बघत. लग्न ठरलंय, आता नोकरीशिवाय काय तोंड दाखवू, असं त्या दिराला म्हणाला होता.

"तू काही बोलू नको अम्मी," गजाला म्हणाली. "त्याचा तो सांगंल."

टीचरनी धीर धरला. रोज तो उभा ट्रक बघत राहिल्या. हॉर्न वाजणं कधीच बंद झालं होतं. शेवटी एका जुम्म्याला, शुक्रवारच्या फोनवर, त्यांना राहवलं नाही.

"बेटा, ये घरी. मला सगळं माहीत आहे. खेळ भर दिवसा चालू होतो. ट्रक नुसता उभा असतो. मी रोज बघते."



"आप मेरे पे नजर रखते थे, अम्मी?"

"नजर नाही रे. मी फक्त सोबत बसत होते."

त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी डबा वाजला नाही. त्यानंतरही नाही. टीचरनी बत्ती बघितली, केशरीच होती. वायरी काढून पुन्हा लावल्या. तरीही टीव्ही काळाच. मग त्यांनी नेटवाल्या धम्मपालला बोलावलं. त्याने सगळं तपासलं, स्वतःचा मोबाईल डब्याला जोडून दाखवला. ट्रक लगेच चालू लागला.

"टीचर, इथलं सगळं ठीक आहे. तिकडून कुणी जोडतच नाही."

"उद्या जोडेल," टीचर म्हणाल्या. धम्मपालने त्यांच्याकडं बघितलं आणि चहा न घेताच तो निघाला.

अदीबाच्या घरून पावसाळ्यात निरोप आला. नोकरी गेल्याचं कळून त्यांनी दुसरीकडं बघायला घेतलं होतं. टीचरनी एका शब्दाने अडवलं नाही. फरहानला कळवलं तेव्हा तो म्हणाला, "अच्छा किया," आणि हवापाण्याचं बोलू लागला.

फोन आता जुम्म्याला येतो, कधी चुकतो. आवाज बारीक झालाय की लांबून येतोय म्हणून तसा वाटतो, हे त्यांना ठरवता येत नाही.

"नोकरी?"

"लागली अम्मी. अच्छी है."

"जेवलास?"

"हौ."

पूर्वी त्या उत्तरावर त्यांचा विश्वास नसला तरी चालायचं. संध्याकाळी खरं काय ते समोर दिसायचं. आता जे कानावर येईल तेच खरं मानायचं. मोहल्ल्यातल्या बायका विचारतात, फरहान कसा आहे? टीचर म्हणतात, "खैरियत आहे," आणि पुढचा प्रश्न यायच्या आत दार लोटून घेतात.