धुराड्याच्या दरजा

आज नाशिकमध्ये शेजारच्यांनी चुना भिजवला होता. त्या गरम, ओल्या वासासरशी मी थेट निफाडच्या आमच्या गुऱ्हाळाच्या धुराड्यावर जाऊन पोचले.

नवरा गेला ते वर्ष. गुऱ्हाळ बंदच करायचं, असं थोरल्या दिरांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. धुराड्याच्या विटांमधला चुना झडून दरजा उघड्या पडलेल्या, धूर तिथूनच बाहेर यायचा. गवंड्यालाही त्यांनी येऊ दिलं नाही. मग मीच चुन्यात वाळू आणि गुळाचं पाणी कालवलं, पदर खोचला आणि शिडी चढले. जुना चुना खरवडायचा, वीट ओली करायची, दरज बोटानं दाबून भरायची. बोटं चुन्यानं चरचरत होती.

"खाली उतर!" भाऊजी अंगणातून ओरडले. "बाईमाणूस धुराड्यावर चढलं की गूळ काळा पडतो, ठाऊक नाय का?"

"मग औंदा काळाच गूळ खाऊ, भाऊजी!" मी वरूनच म्हटलं आणि पुढची दरज भरायला घेतली.

गूळ पिवळाधमक उतरला. पण मला आज आठवतं ते वेगळंच. वरून भाऊजी एवढेसे दिसत होते. खाली उतरल्यावरही ते मला पुन्हा कधी मोठे दिसले नाहीत.