बंदरावरची बावीस मिनिटं

“मधे किती मिनिटं?”

काकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न हाच. नमस्कार नाही, नाव नाही. समोरच्या खुर्चीवर बसले, खिशातून पेन्सिल काढली, तिचं टोक अंगठ्यावर दाबून पाहिलं आणि विचारलं.

“कशाच्या मधे, काका?”

“गाडी आणि जहाजाच्या.”

मी तेव्हा शंकर नगरात तिकिटांचं आणि व्हिसाच्या कागदांचं छोटं ऑफिस चालवत होते. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. ज्यांनी कधी पासपोर्ट पाहिला नव्हता असे लोक आता सिंगापूरचे भाव विचारायला येत. त्यामुळे जहाजाचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते गावाचं. समता कॉलोनीत राहणाऱ्या या निवृत्त असिस्टंट स्टेशन मास्तरांना काकूंना घेऊन स्कॉटलंडच्या एका बेटावर, टोबरमोरी नावाच्या लहानशा बंदराच्या गावी जायचं होतं. लंडनला नाही, पॅरिसला नाही. थेट तिथे.

“तिथे कोण आहे तुमचं?”

“कोणी नाही.”

मला याद्यांची सवय आहे. ऑफिसात प्रत्येक प्रवाशाची एक फाइल आणि पहिल्या पानावर यादी: पासपोर्ट, फोटो, पेन्शनचा कागद, औषधं, कोणाला काय खायला चालत नाही. पण काका मला भारी निघाले. त्यांनी घरून तक्ताच आखून आणला होता. रायपूर ते दिल्ली, दिल्ली ते लंडन, तिथून ग्लासगो, मग तीन तासांची गाडी, गाडी थांबते तिथेच धक्का, धक्क्यावरून जहाज, बेटावर उतरून बस. प्रत्येक टप्प्यापुढे एक रकाना, त्याचं नाव ‘मधे’. एकाही ठिकाणी दोन तासांपेक्षा कमी वेळ नव्हता.

तुम्हीही असे रेल्वेवाले पाहिले असतील. त्यांना जेवायला बोलावलं तर ते ‘किती वाजता’ विचारत नाहीत, ‘घरून कितीला सुटायचं’ विचारतात. काकांचं घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला असे आणि बोलता बोलता तळहात वर करून ते पाहत. समोरच्याला वाटे, काही मागताहेत.

दुसऱ्या खेपेला काकू आल्या. मी त्यांना कंप्युटरवर त्या गावाचा फोटो दाखवला. पाण्याच्या कडेने एका रांगेत घरं, एक लाल, एक पिवळं, एक निळं.

“पेंटच्या दुकानातलं शेडकार्ड दिसते,” काकू म्हणाल्या. मग चष्मा सावरून पुन्हा पाहिलं. “पण बरं हाये. त्या पिवळ्या घरात राहाले भेटन काय?”

“पाहते काकू.”

“नाव काय म्हणे? टोबर...मोरी? एवढ्या दूर जाऊन मोरीच पाहाची व्हय!”

काका हसले नाहीत. ते फोटोत धक्का शोधत होते.

हे गाव त्यांच्या डोक्यात शिरलं कसं, ते मला तिसऱ्या खेपेला कळलं. दातांच्या दवाखान्यात बसले असताना त्यांनी एक जुनं इंग्रजी मासिक चाळलं. त्यात एका स्टेशनचा फोटो होता. रूळ संपतात तिथेच जहाज उभं. खाली लिहिलं होतं, गाडी आली की बेटावर जाणारं जहाज सुटतं.

“अन् नाही आली तर?” काका मला विचारत होते. “गाडी लेट झाली तर जहाज थांबते काय? ते लिहिलंच नाही. डॉक्टरले विचारलं, त्याले माहीत नाही.”

“मी मेल करून विचारू?”

“नको. कागदावर तर आपणबी लय काही लिहितो. डोळ्यानं पाहाचं हाये.”

मग त्यांनी जाहीर केलं की आधी ट्रायल घ्यावी लागेल. नवी लाइन सुरू करताना रेल्वे रिकामी गाडी चालवून पाहते, तसं. एका रविवारी सकाळी आम्ही तिघं रायपूरहून धमतरीच्या छोट्या गाडीत बसलो. मला त्यांनी “वेळेवर नजर ठेवाले कंट्रोल पाहिजे नं” म्हणून नेलं होतं. धमतरीला उतरून बसने गंगरेल धरण आणि तिथे बोट. तिकडे आधी जहाज मग बस, इकडे आधी बस मग बोट.

“थोडं शंटिंग केलं समजा, डबे मागचे पुढं,” काका म्हणाले.

सामान सगळं खरं. चाकांच्या दोन बॅगा, पुऱ्या, लिंबाचं लोणचं, मोज्यांच्या जोड्या. तिकडे पाऊस कधीही येतो असं मी यादीत लिहिलं होतं, म्हणून काकूंनी लख्ख उन्हात रेनकोट घातलेला. तेलीबांध्याला गाडी थांबली तेव्हा फलाटावरची एक भाजीवाली त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिली. शेवटी तिने विचारलं, “तबियत ठीक है ना दीदी?”

“हव,” काकू म्हणाल्या, “स्कॉटलंडला चालली.”

गाडी कुरूदला थांबली तेव्हा काकूंचा डोळा लागला होता. काका खिडकीबाहेर पाहत होते. एकदम म्हणाले, “इथं यायचं होतं तिले.”

“कोणाला?”

“माझी ड्युटी होती, ताई. रायपूरले. नागपूरकडून येणारी मेल चाळीस मिनिटं लेट. अन् ही छोटी गाडी, दिवसाची शेवटची, उभी. मेलचे पाशिंजर असतात हिच्यासाठी, मले माहीत होतं. पण टाइम झाला, मी सोडली. सहा मिनिटांनी मेल आली.”

त्यांनी तळहात वर करून घड्याळ पाहिलं, उगीच.

“एक बाई धावत आली पुलावरून. हातात पेटी. गाडी लागाचीच हाये असं वाटलं तिले, बाकावर बसली. तासभर. तेवढ्यात शेवटची बसबी गेली. माय सिरियस होती तिची कुरूदले. पोर्टरनं मागून सांगितलं मले.”

“तुम्हाला ती दिसत होती?”

“ऑफिसच्या खिडकीतून दिसून राहिली होती नं.”

गाडी हलली. कुरूदचा फलाट मागे गेला.

“सहा मिनिटं,” काका म्हणाले. “थांबवता आली असती काय? वरून बोलणी बसली असती, बस. एकतीस वर्षं झाली. म्हणून म्हटलं, दुसरीकडचे लोक काय करतात ते तरी पाहू.”

गंगरेलला बोटीत बसायला काकू आधी घाबरल्या, मग उतरायला तयार होईनात. “अजून एक चक्कर मारा म्हणा त्याले,” त्या म्हणाल्या. ट्रायल यशस्वी झाली.

सोमवारी मी बुकिंग करायला बसले आणि पुन्हा तो तक्ता पाहिला. धक्क्यापुढच्या ‘मधे’च्या रकान्यात दोन तास पन्नास मिनिटं. मी काकांना फोन करून बोलावून घेतलं.

“काका, एवढा वेळ ठेवला तर गाडी लेट होऊनही जहाज मिळेलच. मग ते थांबतं का, हे तुम्हाला कळणार कसं?”

ते तक्त्याकडे पाहत राहिले. चष्मा काढून शर्टाला पुसला. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक गोष्टीच्या आधी राखीव वेळ ठेवला, त्याला मी ती राखीवच काढून टाकायला सांगत होते. तीही परक्या मुलखात, बायको आणि दोन बॅगा सोबत असताना.

“कमी करा,” ते म्हणाले.

“नंतरच्या गाडीने गेलात तर मध्ये बावीस मिनिटं. ते जहाज चुकलं तर—”

“चुकलं तर चुकलं. कळन तर.”

पेन्सिलने त्यांनी रकान्यातला आकडा खोडला आणि स्वतःच्या हाताने बावीस लिहिलं.

जूनमध्ये ते गेले. पंधरा दिवसांनी मला एक कार्ड आलं. शेडकार्डसारखी घरं, मागे काकांचं बारीक अक्षर: ‘गाडी राइट टाइम. बावीसची बावीस मिनिटं शिल्लक. काही कळलं नाही. हिला पिवळं घर मिळालं. उद्या परत जाऊन पाहतो.’

परत आल्यावर काकूंनी तक्रार केली. “सहा दिवसांतले चार दिवस हा माणूस सकाळी बसनं अन् जहाजानं परत त्या धक्क्यावर. मी आपली खिडकीत बसून बोटी मोजून राहिली होती. एकविसाव्या बोटीवर एक कुत्रा कप्तानासारखा उभा असे रोज.”

“मग कळलं का काका?”

काका खुर्चीत पुढे सरकले.

“चौथ्या दिवशी गाडी लेट झाली. मी धक्क्यावर उभा. जहाज चार मिनिटं थांबलं, मग सुटलं. ताई, सुटलं! मी म्हटलं, घ्या, सगळीकडे सारखंच. गाडी आली. एक म्हातारी अन् तिचा नवरा, बॅगा ओढत. तर पिवळं जाकीट घातलेला एक माणूस, त्याचं काम झालं होतं, गेट लावून झालं होतं. तो ऑफिसातून बाहेर आला. त्यांनी विचारायच्या आधी. चालत त्यांच्यापर्यंत गेला. हातानं दाखवलं, जहाज गेलं. मग त्यांची बॅग उचलली, आत बसवलं, कुठंतरी फोन लावून दिला.”

काकू पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या.

“जहाज नाही थांबलं,” ते म्हणाले. “माणूस बाहेर आला. मी एवढी वर्षं त्या सहा मिनिटांचाच हिशेब करून राहिलो होतो.”

त्यानंतर ते संध्याकाळी तेलीबांध्याला फिरायला जाऊ लागले. सगळे जातात तसे तिथल्या तळ्यावर नाही, छोट्या गाडीच्या थांब्यावर. शेवटची गाडी गेली की फाटकाशी उभे राहत आणि धापा टाकत आलेल्याला सांगत, “गेली भैया. बस तिकडून मिळेल, चला दाखवतो.” लोकांना वाटे, रेल्वेनेच ठेवलेला माणूस आहे.

पुढे छोटी गाडी बंद झाली. रूळ उखडले, तिथून रस्ता काढायचं ठरलं. त्याच सुमारास मुलाने काका-काकूंना नागपूरला न्यायचं नक्की केलं.

जायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना शेवटचं पाहिलं. मी स्कूटरवर होते, पलीकडच्या बाजूला. थांब्याच्या जागी मातीचे ढीग होते आणि त्यांच्या कडेला एका दगडावर, गावाकडची असावी, एक बाई गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. जिथून गाडी यायची तिकडे पाहत होती. कोणी तिला सांगितलं नव्हतं.

मी स्कूटर थांबवली, पण उतरायची गरज पडली नाही. काका चहाच्या टपरीतून बाहेर आले होते. अर्धा कप तसाच ठेवून, धोतराचा सोगा एका हाताने धरून, मातीचे ढीग ओलांडत ते तिच्याकडे निघाले होते.