वासराच्या नावाची बाटली

सरावलीच्या माझ्या गोठ्यात दोन वासरे हगवणीने लागोपाठ गेली. तिसरे मलूल झाले तेव्हा माझा संशय पक्का झाला. रानशेतहून येणारा गडी दुधात काही कालवत असावा. वासरांना बाटली तोच पाजत असे. उद्यापासून येऊ नकोस, असे मी त्याला सांगितले. त्याने कारण विचारले नाही. संशय वाढला.

तलासरीकडे जनावरांच्या आजारांवर काम करणारी एक तरुण डॉक्टर गोठ्यावर आली. तिच्याजवळ मुठीत मावेल एवढे यंत्र होते. शेणातील जंतूंची जनुके वाचून ते दिवसाभरात आजार सांगते, असे ती म्हणाली. आयुष्यभर मी शाळेत पेपर तपासले. इतक्या झटपट आलेल्या उत्तरावर माझा विश्वास बसत नाही.

नमुन्यासाठी तिने बाटली ठेवली. मी शेळीच्या लेंड्या पाण्यात कालवल्या, बाटली भरली आणि वर ‘वासरू’ असे लिहून पाठवली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः आली.

“काका, तुमच्या वासराला दाढी आहे का हो?”

“म्हणजे?”

“बाटलीत शेळी आहे. यंत्र जंतूंबरोबर जनावरही ओळखतं. शेळी ठणठणीत आहे, अभिनंदन.”

“मला पडताळायचं होतं.”

“पडताळलंत. दिवस मात्र वासराचा गेला.”

या वेळी नमुना तिने स्वतः घेतला. नवजात वासरांच्या आतड्यात वाढणारा परजीवी त्यात सापडला. ओल्या जमिनीत तो महिनोन्‌महिने टिकतो. माझ्याकडे प्रत्येक नवे वासरू पाण्याच्या टाकीलगतच्या कोपऱ्यात बांधतात. तो नियम माझाच.

“आणि विष?” मी विचारले.

“विष यंत्राला कळत नाही. पण मारायला हा जंतू पुरेसा आहे.”

हमखास औषध नव्हते. दर दोन तासांनी मीठ-साखरेचे पाणी बाटलीने पाजायचे होते. माझे हात कापतात. पाणी वासराच्या नाकात गेले.

मी रिक्षा करून रानशेतला गेलो. गडी अंगणात कुंपण बांधत होता. डॉक्टरच्या यंत्राची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

“मशीन काय बोलली, गुरुजी?”

“जंतू आहे.”

“मशीनला विचारलंत. मला नाही विचारलंत.”

माझ्या हातून वासराला बाटली पाजवत नाही, एवढेच मी सांगितले. त्याने कोयता ठेवला, हात धुतले आणि रिक्षात बसला. वासरू कोरड्या जागी हलवून त्याने पहिली बाटली पाजली.

वासरू जगले. गडी कामावर येतो. माझ्या घरचा चहा मात्र घेत नाही.