रेघेमामांची पिवळी रेघ

आमच्या गल्लीच्या टोकाला एक गॅरेज आहे. त्यावर पाटी नाही, तरी ज्याला रेघेमामांकडे जायचं असतं तो बरोबर पोचतो. मामांचं खरं नाव त्यांच्या वीजबिलावर असेल. बोल्ट आवळून झाला की त्याचं डोकं आणि शेजारचा धातू यांवरून मिळून एक बारीक पिवळी रेघ ओढायची, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. बोल्ट केसभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

माझी एकोणीस वर्षांची लेक मातीच्या ट्रॅकवर डर्ट बाइक पळवते. मी त्या बाइककडे सवतीकडे बघावं तशी बघते. हे सगळं आज लिहू शकते, कारण जीव भांड्यात पडला आहे. तीन आठवड्यांपूर्वी लेकीची पहिली मोठी शर्यत होती, आणि तेव्हा माझ्या हातून जे झालं ते अजून विसरता आलेलं नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मामांनी बाइकची सगळी तपासणी केली. मी स्टुलावर बसून पाहत होते. प्रत्येक बोल्ट ते आधी बोटांनी फिरवत. आटे बरोबर बसले की पाना लावत, आणि शेवटी टॉर्क रेंच. त्या लांब दांड्याच्या पान्यावर हवा तेवढा जोर आधीच ठरवून ठेवता येतो. तेवढा झाला की 'टक्' असा आवाज येतो. आवाज आला की मामा हात काढून घेत, जणू दांडा तापला आहे.

पुढचं चाक बसवताना त्यांनी आधी चाकामधला आडवा दांडा, म्हणजे ऍक्सल, आवळला, हँडल धरून पुढची बाजू तीन-चार वेळा खाली दाबली, आणि मगच ऍक्सलला धरून ठेवणारे चार छोटे बोल्ट घेतले. इंजिनाखालचा ऑइल सोडायचा बोल्ट तर इतका हलकेच आवळला की मला राहवलं नाही.

"मामा, अजून थोडा आवळा ना. एवढ्यात झालं?"

"ताई, झाकण नाही ते बरणीचं," मामा म्हणाले. "बोल्ट लोखंडाचा, इंजिन अल्युमिनियमचं. जास्त जोर केला तर मऊ बिचारं मरतं."

"आई, तू घरी जा बघू," लेक म्हणाली. "तू बसलीस की बोल्टसुद्धा घाबरतात."

बाइक घेऊन घरी आलो. लेक आंघोळीला गेली. मी शेडमध्ये उभी. डोळ्यांसमोर सारखं सुटलेलं चाक. पाना कुठे असतो ते मला ठाऊक होतं. चाकाजवळचे चारही बोल्ट मी एकेक पाव फेरा आवळले. बरं वाटलं. मग खाली वाकून ऑइलचा आवळला. तो आधी घट्ट लागला, आणि मग एकाएकी लोणी कापावं तसा मऊ फिरला. मी पाना पुसून जागेवर ठेवला आणि कोणाला काही बोलले नाही.

सकाळी ट्रॅकवर लेकीनं सरावाची एक फेरी मारली, आणि मामा शर्यतीपूर्वीची शेवटची नजर टाकायला फडकं घेऊन वाकले. चिखल पुसला. चारही रेघा तुटलेल्या.

"पोरी, याला हात लावलास?"

"नाही मामा."

"मग काय भुतं आली होती? माझ्या रेघा खोटं बोलत नाहीत. एवढं शिकवलं ते पाण्यात!"

आजूबाजूची पोरं वळून बघू लागली. लेकीचे डोळे भरले. शर्यत सुरू व्हायला वीस मिनिटं होती. मामांनी चारही बोल्ट ढिले करून पुन्हा 'टक्' करत आवळले, उठले, आणि म्हणाले, "जा आता."

खालचा बोल्ट त्यांनी पाहिला नव्हता. तिथे चिखलाचा थर होता.

"थांबा," मी म्हणाले. "मी आवळले. आणि खालचाही. तो... मऊ लागला."

लेक माझ्याकडे बघतच राहिली. मामा बाइकखाली पाठीवर आडवे झाले. चिखल काढला, तर बोल्टाच्या कडेनं तेल पाझरत होतं. बोटांनी फिरवला तसा तो हातात आला, आट्यांच्या चकाकत्या चुऱ्यासकट. आमच्या डोळ्यांदेखत सगळं ऑइल मातीत गेलं.

"उडीवर निसटला असता," मामा म्हणाले. "तेल मागच्या टायरवर. इंजिन जाम, चाक जाम." पुढचं त्यांनी सांगितलं नाही.

शर्यत गेली. घरी येताना लेक गाडीत दार आपटून बसली. मला मात्र, लाज वाटते सांगायला, मोकळं मोकळं वाटत होतं. ती शेजारी बसली होती, धडधाकट, फुगलेली.

संध्याकाळी मी मामांकडे गेले. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

"माझ्या धाकट्या भावाची मोटारसायकल होती," ते म्हणाले. "मी पंपाच्या कारखान्यात होतो, दंडात रग होती. त्याच्या पुढच्या चाकाचा बोल्ट सुटू नये म्हणून एक फेरा जास्त दिला. उतारावर तुटला. भाऊ अजून लंगडतो. माझ्यामुळे झालं, हे त्याला सांगायला मला दोन वर्षं लागली, ताई. तुम्हाला एक रात्र लागली."

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, मला माहीत होतं. तू बोलायची वाट बघत होतो." मामा हसले. "तेव्हापासून रेघ. ती ओढली की मीसुद्धा पाना लावत नाही."

दोन दिवसांनी त्यांनी इंजिनात स्टीलचे नवे आटे बसवले. मग लेकीदेखत ऑइलचा बोल्ट आवळायला रेंच माझ्या हातात दिला.

"टक् झालं की सोडायचं."

टक्. हात अजून थोडं मागत होता. लेकीनं माझं मनगट धरलं. "आई. झालं."

ब्रशही मलाच दिला. माझी रेघ वाकडी आली.

काल तिची दुसरी शर्यत झाली. अकरावी आली. दोघी दमून परतलो, तरी मी आधी टॉर्च घेऊन बाइकखाली वाकले. वाकडी रेघ जशीच्या तशी होती. शेडच्या दारातून लेक ओरडली, "बघून झालं? आता जेवायला वाढ."