जमिनीची परवानगी

सरपंचपदाच्या अर्जासोबत एक घोषणापत्र जोडावं लागतं. त्यात एक प्रश्न असतो: उमेदवाराने शासकीय जागेवर अतिक्रमण केले आहे काय? त्या प्रश्नापुढे ‘नाही’ हा शब्द मी लिहिला. माझ्या अक्षरात, शाळेच्या निळ्या पेनाने. त्या एका शब्दावरून पुढे एका बाईची सरपंचकी गेली आणि मी अजून त्याच शाळेत मास्तर आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कितीही तणतणलो तरी मला कोणी साधुसंत समजणार नाही.

मी सावली तालुक्याकडचा, धानपट्ट्यातला. आमच्याकडे प्रत्येक बांधीचा, म्हणजे धानाच्या तुकड्याचा, सातबारा असतो आणि त्यावरून भावाभावांत बोलणं बंद असतं. गडचिरोलीच्या जंगलातल्या या गावी बदली झाली, तेव्हा इथे कोणाच्याच घराला कागद नाही हे समजायला मला दोन वर्षं लागली. गाव पिढ्यान्‌पिढ्या इथेच आहे, पण सरकारच्या नकाशात त्या जागी नुसतं जंगल आहे. लोकांनी वनहक्काचे दावे केले. त्यांच्या पोचपावत्या घरोघरी प्लास्टिकच्या पिशवीत आढ्याला टांगलेल्या दिसतात. दावे मात्र वर गेले ते गेलेच.

कागद नाही म्हणून रीत नाही असं नव्हे. नवं घर बांधायचं तर गायता, म्हणजे गावाचं देवाधर्माचं पाहणारा वडीलधारा माणूस, त्या जागेवर तांदळाचे दाणे मांडतो आणि वर पानांचा द्रोण उपडा घालतो. सकाळी दाणे जागच्या जागी असले तर जमिनीने होकार दिला. विखुरले असले तर जागा बदलायची. आणि लोक खरंच बदलतात, कोणी गायत्याशी हुज्जत घालत नाही. शाळेची नवी खोली बांधताना ठेकेदाराने कोणालाच विचारलं नव्हतं. ती तिसऱ्या पावसाळ्यात गळायला लागली. मी याला सिमेंटची चोरी म्हणतो, गाव वेगळं काहीतरी म्हणतं.

जिची सरपंचकी गेली ती बाई पन्नाशीची, मूळ बोली गोंडी, सही करण्यापुरती लिहिणारी, म्हणून तिचा अर्ज मी भरून दिला. तिची दोन नातवंडं माझ्या वर्गात होती. निवडून आल्यावर तिला तालुक्याला प्रशिक्षणाला नेलं. तिथे कोणीतरी सांगितलं की पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागाच्या कायद्यातल्या, गावात ग्रामसभेला विचारल्याशिवाय नदीतली रेती उचलता येत नाही. असं प्रशिक्षणात सगळ्यांनाच सांगतात. चहा-नाश्ता करून माणसं घरी जातात. हिने ते खरं मानलं, हा तिचा पहिला गुन्हा.

रेती म्हणजे इथे पाणी. उन्हाळ्यात हातपंप लाल गढूळ पाणी देतो, तेव्हा बाया नदीच्या कोरड्या पात्रात हातभर खड्डा करतात. त्याला झिरा म्हणतात. रेतीतून झिरपलेलं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरायचं. रेतीवाल्याचे ट्रॅक्टर खालच्या चिकणमातीपर्यंत रेती खरवडून नेत होते. रेती नाही तर झिरा नाही. सरपंचबाई वीसेक बायांना घेऊन गावच्या रस्त्यावर बसली आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणाली, “ग्रामसभेचा ठराव दाखव अन्‌ ने.” ठराव नव्हताच. तो उन्हाळा सगळ्या गावाने झिऱ्याचं पाणी प्यायलं, मीही प्यायलो.

पावसाळा सरता सरता तक्रार आली. सरपंचाचे घर वनजमिनीवर आहे, सबब ती अतिक्रमक आहे, सबब तिला अपात्र करा. तक्रारदार रेतीवाल्याचाच माणूस. त्याचं चपलांचं दुकान तालुक्याच्या गावी सरकारी नालीवर फरशा टाकून उभं आहे. मी स्वतः त्या फरशीवर उभं राहून चपला घेतल्या आहेत. पण तक्रार करणारा कुठे बसतो हे बघायची गरज कायद्याला वाटत नाही.

सुनावणीला मी रजा टाकून तिच्याबरोबर जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. फाट्यापर्यंत पायी, मग एसटी. वाटेत मी तिला म्हणालो, “बाई, घाबरू नका. जे आहे ते खरं सांगा.” इतका मूर्ख सल्ला मी आयुष्यात दुसऱ्या कोणाला दिलेला नाही.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, “घर ज्या जागेवर आहे ती तुमच्या मालकीची आहे का?”

ती म्हणाली, “जमीन कोनाच्या मालकीची राह्यते का साहेब? आमी राह्यतो तिच्यावर.”

“म्हणजे नाही. बरं, घर बांधण्यापूर्वी परवानगी घेतली होती?”

“घेतली ना.”

साहेबांनी मान वर केली. तक्रारदाराचा वकीलही सावरून बसला. मलासुद्धा वाटलं, असेल बुवा एखादा जुना कागद, हिने मला सांगितला नसेल.

“कोणाची परवानगी?”

“जमिनीची. गायत्यानं दाने मांडले होते. सकारी जसेच्या तसे होते.”

टंकलेखक आधी हसला, मग वकील, मग दारातला शिपाई. साहेब हसले नाहीत, त्यांनी नुसता मजकूर सांगितला: ‘सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी नसल्याचे सरपंच यांनी मान्य केले.’ मान्य! तिने काय मान्य केलं होतं? तिच्या माहितीतल्या सगळ्यात मोठ्या अधिकाऱ्याकडून तिने परवानगी घेतली होती आणि तसं सांगितलं होतं. त्या खोलीत खोटं न बोललेली ती एकटीच होती, आणि हसू तिचंच झालं.

मग साहेबांनी घोषणापत्र पुढे केलं. “इथे ‘नाही’ कोणी लिहिलं?”

मी मागच्या बाकावर होतो. तिने वळून पाहिलं नाही. म्हणाली, “सही मायी आहे.”

“सही दिसते मला. लिहिलं कोणी?”

“सही मायी आहे साहेब.”

मी उठलो नाही. सरकारी नोकराने उमेदवाराचा अर्ज भरला म्हटल्यावर काय होतं ते मला ठाऊक होतं. मी बाकाची कड घट्ट धरून बसून राहिलो. आज सगळ्यांवर संतापतो त्यातला अर्धा संताप त्या बाकावरचा आहे. बसस्टँडवर चहा घेताना मी कसाबसा म्हणालो, “बाई, मी उठायला पाहिजे होतं.” ती बशीत चहा ओतत म्हणाली, “तुमी काऊन उठता? तुमी गेले तं पोट्टे कोन शिकवन?”

महिन्याभरात आदेश आला. अपात्र.

पोटनिवडणूक लागली. अर्ज कोण भरणार? आमच्या पंचायतीत गाव आणि दोन टोले, म्हणजे वाड्या, मिळून जेवढी घरं आहेत, ती सगळी तशाच जमिनीवर. ‘नाही’ लिहावं तर खोटं, ‘होय’ लिहावं तर बाद. लोक चिंचेखाली बसले, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले, आणि कोणीच अर्ज भरायचा नाही असं ठरलं. शेवटच्या दिवशी तहसिलातून मला फोन. “गुरुजी, तुमच्या गावात लोकशाहीबद्दल फारच उदासीनता दिसते. जनजागृतीची फेरी काढा.”

मी काढली. हातात फलक देऊन पोरांना गावभर फिरवलं, घोषणा द्यायला लावल्या. फेरी सरपंचबाईच्या दारी आली तेव्हा तिने पोरांना पाणी दिलं, आणि नातवाच्या हातातला फलक उलटा झाला होता तो सरळ केला. मी जनावरासारखा मान खाली घालून उभा होतो.

पुढे प्रशासक आले. आठवड्यातून एकदा येतात, खुर्ची पुसून घेतात, जातात. त्यांच्या येण्याच्या आधीच ट्रॅक्टर आले होते. यंदाच्या उन्हाळ्यात गावासमोरच्या पात्रात झिरा लागला नाही.

शाळेची माहिती दर वर्षी भरावी लागते. त्यात विचारतात, शाळेची जागा कोणाची? मी इतकी वर्षं ‘शाळेच्या मालकीची’ असं भरत आलो. शाळेजवळही कागद नाही. ती त्याच जंगलाच्या तुकड्यावर आहे, ज्यावर सरपंचबाईचं घर आहे. मतदान केंद्र याच शाळेत असतं, म्हणजे सरकार निवडणूक घेतं तीही अतिक्रमणात बसून. यंदा मी लिहिलं: ‘जागा वनजमीन. कोणाचीही परवानगी नाही. शाळा अतिक्रमित.’ खाली सही, शिक्का. वाटलं, येऊ दे नोटीस. या वेळी उभा राहीन.

तिला सांगितलं तर तिचाच चेहरा उतरला. “आता तुमाले काढतील का, गुरुजी?”

मी रोज टपालाची वाट पाहिली. नोटीस आली नाही. महिन्या-दीड महिन्याने कार्यालयातून एका कारकुनाचा फोन आला, आवाज अगदी गोड. “गुरुजी, जागेच्या माहितीत तुमची जरा चूक झाली होती. होतं असं घाईत. आम्ही इकडूनच दुरुस्त करून टाकली. काळजी करू नका.”

संध्याकाळी ती डोक्यावर दोन हंडे घेऊन वरच्या टोल्याकडून येताना दिसली. आता पाणी तिकडून आणावं लागतं, दोन कोस जाऊन-येऊन. मी तिला फोनचं सांगितलं. हंडे न उतरवता तिने सगळं ऐकून घेतलं.

“बरं झालं,” ती म्हणाली. दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. हंड्यांमुळे तिला वळता येत नव्हतं, म्हणून समोर बघतच तिने विचारलं, “मंग मायी चूक काऊन नाई दुरुस्त केली, गुरुजी?”